जुलियानाची ड्युटी-लिस्ट आणि जेनिफरचा अर्ज

जुलियाना वसईजवळच्या गिरीजची. १९८४ साली नर्स म्हणून कतारमधल्या दोह्याला आली आणि वीस वर्षांत एका मोठ्या इस्पितळात वॉर्डची मुख्य झाली. हाताखाली पाच देशांच्या चौतीस नर्सेस. कुणाचा रोजा, कुणाचा नाताळ, कुणाची सासू आजारी, हे सगळं सांभाळून ती महिन्याची ड्युटी-लिस्ट लावी. एकदा लावली की खलास! मग डॉक्टरांनी विनवण्या केल्या तरी बदल नाही.

२००४च्या डिसेंबरात तिची लेक जेनिफर अमेरिकेतल्या कॉलेजातून सुट्टीवर आली. इस्पितळाच्या कारभाराचं शिक्षण घ्यायचं, मास्टर्स करायचं, हे तिने पक्कं ठरवलं होतं. अर्ज पाच जानेवारीच्या आत जायला हवा होता. मुलगी हुशार, पण तिसऱ्या वर्षी स्टॅटिस्टिक्समध्ये तिला 'सी' मिळाला होता. इस्पितळ चालवायला निघालेली मुलगी आणि आकड्यांतच घसरलेली! जुलियानाच्या जिवाला तोच एक घोर लागला होता.

दोह्यातल्या नजमा भागातल्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मायलेकी कॉम्प्युटरपुढे बसल्या. अभ्यासाबाहेर काय केलं, या रकान्यात जेनिफरने आपल्या सोरोरिटीचं नाव लिहिलं होतं. कॉलेजातल्या मुलींचं ते मंडळ. नाव ग्रीक अक्षरांचं, सगळ्या एका घरात राहायच्या आणि एकमेकींना बहिणी म्हणायच्या.

"हे काढ," जुलियाना म्हणाली.

"व्हाय, ममी?" जेनिफरला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र इंग्रजीतून येई.

"पार्ट्या करणाऱ्या पोरींचा अड्डा तो. वाचणारा म्हणेल, बरोबर, म्हणूनच सी मिळाला."

"अगं जुली, तिथे काय करते ते विचार तरी," सोफ्यावरून तिचा नवरा आल्फ्रेड म्हणाला.

"तुम्ही पेपर वाचा."

जेनिफरने "फाइन" म्हणून ओळ पुसली आणि आंघोळीला गेली. रकाना रिकामा झाला. तीन वर्षं मुलीने अभ्यासाशिवाय काहीच केलं नाही, असं तो अर्ज सांगू लागला.

जुलियाना नाताळच्या नेवऱ्यांकडे, म्हणजे करंज्यांकडे, वळली, तेवढ्यात फोन वाजला.

"काकू, मी नयना. न्यू जर्सीहून बोलतेय. जेनीच्या सोरोरिटीतली." आईवडील मूळचे नाशिकचे, त्यामुळे पोरगी मराठी फडाफडा बोलत होती. "तिचा अर्ज गेला का? माझ्या पायाचं लिहिलं ना तिने?"

"कसला पाय?"

"अय्या, सांगितलंच नाही? गेल्या वर्षी माझा पाय दोन ठिकाणी मोडला. चौदा आठवडे व्हीलचेअर. माझं वर्षच बुडणार होतं. जेनीने बावीस मुलींची यादी लावली. कुठल्या तासाला मला कोण नेणार, कोण आणणार, सगळं दिवसवार."

"आणि एकही मुलगी चुकली नाही?" जुलियानाने संशयाने विचारलं. चौतीस नर्सेसचा अनुभव बोलत होता.

"चुकल्या ना! एकाच दिवशी दोघी. बाहेर बर्फ, माझी परीक्षा. जेनीने स्वतः मला ढकलत नेलं आणि तिचा स्टॅटिस्टिक्सचा पेपर अर्धा बुडाला."

जुलियानाने पिठाच्या हातानेच कपाळ धरलं.

जेनिफर केस पुसत बाहेर आली. "ममी, व्हॉट्स ऑन युअर फेस?"

"मला का नाही सांगितलंस गं?"

"यू नेव्हर आस्क्ड. यू ओन्ली आस्क्ड फॉर मार्क्स."

आल्फ्रेड पेपरामागे खोकला. जुलियानाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि खुर्ची ओढली. "यल्ला, चल, बस. लिही."

जेनिफरने पुन्हा लिहायला घेतलं: नेतृत्व, भगिनीभाव, समाजसेवा.

"हे सगळे लिहितात. किती मुली, किती आठवडे, ते घाल. आणि दोघी चुकल्या तेही."

"ममी! दॅट लुक्स बॅड."

"जिथे कधी कुणी चुकतच नाही, ती यादी खोटी असते. इस्पितळातला कुणीही ओळखेल. दोघी चुकल्यावर तू काय केलंस?"

"एव्हरी स्लॉट गॉट अ सेकंड नेम. आफ्टर दॅट नोबडी मिस्ड."

"स्टँडबाय ठेवलीस! मग ते लिही की!" जुलियाना अशी खुलली, जणू मुलीला सुवर्णपदकच मिळालं. "सी का मिळाला तेही दोन ओळींत सांग, रडगाणं नको. आणि शिफारसपत्र नयनाचं नको, मैत्रिणीचं कोण धरतं? तुमच्या घरावर देखरेख ठेवणाऱ्या बाई आहेत ना, त्यांचं माग. त्यांनी ती यादी भिंतीवर रोज पाहिली असेल."

अर्ज तीन जानेवारीला गेला. फेब्रुवारीत फोनवर मुलाखत झाली. वीस मिनिटांतली पंधरा प्राध्यापकबाई त्या व्हीलचेअरच्या यादीवरच खोदून खोदून विचारत होत्या. स्टॅटिस्टिक्सबद्दल एकच म्हणाल्या, पहिल्या सत्रात तो विषय पुन्हा घ्यावा लागेल. मार्चमध्ये प्रवेशाचं पत्र आलं. जुलियानाने ते वॉर्डातल्या चौतीसही जणींना वाचायला लावलं, रात्रपाळीवाल्यांनाही.

पुढे दोह्यातून अमेरिकेला गेलेल्या मुली सुट्टीत अर्ज घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या. पुण्याच्या देशमुखांची अनुष्का आली ती सहा क्लब आणि दोन सोरोरिटी-पदं घेऊन.

"खजिनदार होतीस? बरं. एखाद्या साध्या मंगळवारी काय केलंस ते सांग."

अनुष्का आठवू लागली. जुलियानाने चहा पुढे केला आणि पाच क्लबांवर काट मारली.