दबका ठोका

आमचे साडभाऊ जन्माला आले तेव्हा रडले नसणार, त्यांनी सुईणीला ओरडून काहीतरी विचारलं असणार, असं माझं ठाम मत आहे. साऱ्या वाशीम जिल्ह्यात त्यांच्याइतका आवाज करणारा माणूस दुसरा नाही, आणि असलाच तर तो साडभाऊंच्या आवाजामुळे अजून कुणाला ऐकू आलेला नाही. ते दार लावतात तेव्हा शेजारच्या घरातली माणसं आपलं छप्पर बघून घेतात. ते टेबलावर कप ठेवतात, त्यामुळे त्यांच्या घरातल्या एकाही कपाला कान उरलेला नाही. कारंज्याहून मानोऱ्याला बोलताना त्यांच्या हातात फोन असतो खरा, पण तो निव्वळ शोभेला. एकदा ते माझ्याबरोबर एसटीत बसले असताना शिंकले, तर ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून चारी टायर बघितले. मी स्वतः वाशीमला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. माणसांना गप्प बसवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. एकाच घरात असले दोन जावई करून घेताना आमच्या सासऱ्यांनी काय विचार केला असेल, कोण जाणे. आवाजाच्या जोडीला साडभाऊंना दुसरं एक व्यसन आहे, ते म्हणजे ‘काहून’, आमच्या वऱ्हाडातला ‘का’. काहून असं होते, काहून तसं होत नाही, हे ते डॉक्टरला विचारतात, कंडक्टरला विचारतात, आणि कुणीच सापडलं नाही तर मला वाशीमला फोन करून विचारतात.

कारंज्यात त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. लोखंडी फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची डागडुजी. दिवसभर हातोडा आणि ग्राइंडर. एवढ्यानं ज्याचं मन भरावं तो माणूस संध्याकाळी गायन पार्टीत वाजवायला जातो. जयंतीच्या दिवसांत गावोगाव जाऊन गाणी म्हणणाऱ्या मंडळींना आमच्याकडे गायन पार्टी म्हणतात. या पार्टीत एक पेटी, एक ढोलक आणि साडभाऊंचा ऑक्टोपॅड. आठ रबरी चौकोनांचं ते यंत्र. त्यावर काडी मारली की स्पीकरमधून ड्रमचा आवाज निघतो. साडभाऊ त्यावर काडी मारत नसत, हातोडा मारत. आणि गाणारी बाई म्हणजे त्यांची बायको, माझी मोठी मेव्हणी. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताईचा आवाज असा होता की नवऱ्याच्या त्या सगळ्या धुमाळीच्या वर तो सहज उभा राहायचा. तीस वर्षं दोघं एकमेकांना असे भिडत आले, आणि लोकांना वाटायचं, यालाच संसार म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज परत आला तो बारीक होऊन. बोलणं नीट, गाणंही सुरात, फक्त जोर गेला. “माह्या गळ्यात आता दुसरंच कोनी बसलं हाये,” ती हसून म्हणाली होती. चार महिन्यांनी पार्टीनं पहिला सराव ठेवला, तेव्हा मी तिथेच होतो. ताईनं पहिली ओळ उचलली, साडभाऊंनी सवयीनं ठोका दिला आणि ओळ दिसेनाशी झाली. ताईचे ओठ तेवढे हलत होते. दुसऱ्या ओळीला तिनं वही मिटली. पेटी वाजवणारे गृहस्थ पार्टीचे प्रमुख, मनानं चांगले, खाली बघत म्हणाले, “वहिनीले एक साल आराम देऊ. रिसोडकडं एक पोरगी हाये, चांगली गाते.” ताई म्हणाली, “बराबर हाये.” गाण्यांची वही तिनं घरी जाऊन ब्लँकेटांच्या खाली ठेवून दिली. त्या संध्याकाळी साडभाऊ एक शब्दही बोलले नाहीत, तेव्हा तीन शेजारी येऊन तब्येतीची चौकशी करून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की एप्रिलमध्ये केनवडच्या कार्यक्रमाला ताईच गाणार. केनवडची मंडळी दरवर्षी बोलवायची, आणि त्यांचा निरोपही स्पष्ट होता, की ताई गाणार असेल तर या, नाहीतर आम्ही दुसरी पार्टी बघतो. म्हणजे हातात पाच महिने होते. ताईचा आवाज काही वाढणार नव्हता, तसं डॉक्टरनं सांगितलंच होतं. मग काय बदलायचं, या ‘काहून’च्या मागे साडभाऊ लागले. दुपारच्या जेवणानंतर मोबाईलवर ते ड्रम वाजवणाऱ्या परदेशी माणसांचे व्हिडिओ बघायला लागले. त्यात एक टकला गोरा माणूस त्यांना सापडला. तो दोन मोठ्या ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत काडी नुसती टेकवायचा, इतकी हलकी की ठोका कानाला कळू नये, पण काढून घेतला तर गाणं लंगडं व्हावं. अशा ठोक्याला ‘घोस्ट नोट’ म्हणतात, असं खाली लिहिलं होतं. मी अर्थ सांगितल्याबरोबर साडभाऊ भडकले. “भूत? आपल्या घरात भूत-बित चालत नाही. बापानं धम्म घेतला तवाच समदी भुतं वेशीबाहेर घातली. नाव बदला.” मग त्याचं नाव ‘दबका ठोका’ ठरलं. त्या गोऱ्या माणसाला हे कळवायचीही त्यांची इच्छा होती, पण मी टाळाटाळ केली.

ज्या हातानं जन्मभर लोखंड वाकवलं त्या हाताला हलकं व्हायला शिकवणं म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पहिले पंधरा दिवस काड्या मोडल्या. नंतर उशा फाटल्या. मी रविवारी कारंज्याला गेलो की मला दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ट्रॉलीवर बसवायचे आणि स्वतः एका पत्र्याच्या डब्यावर फडकं टाकून वाजवायचे.

“आलं काय ऐकू?”

“आलं.”

“मंग चुकलं.” पुन्हा वाजवलं. “आता?”

“नाही आलं.”

“मंग वाजलंच नाही.”

असं दोन तास चाललं. शेवटी एकदा मला नक्की सांगता येईना. आवाज आला असंही वाटलं आणि आला नाही असंही. मी तसं म्हणालो, तर साडभाऊंनी ट्रॉलीवर चढून मला मिठी मारली. माझा चष्मा तेव्हा वाकला, तो त्यांनीच पक्कडीनं सरळ करून दिला. ग्रंथालयात आयुष्य गेलं, पण शांततेतही इतक्या पायऱ्या असतात हे मला त्या दुकानात पहिल्यांदा कळलं.

पुढे तर त्यांची बोटं थांबेनाशी झाली. बसच्या दांडीवर, ताटाच्या काठावर, गिऱ्हाईक बोलत असताना स्वतःच्या गुडघ्यावर. माझ्या मुलीला बघायला अकोल्याचे पाहुणे आले, तेव्हा साडभाऊ कोपऱ्यात खुर्चीवर बसून दोन्ही मांड्यांवर दबक्या ठोक्यांचा सराव करत होते. मुलाच्या आईची नजर त्या हातांवर खिळली. थोड्या वेळानं त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “तुमच्याकडे हात थरथरायचा आजार आहे का हो?” मी घाईघाईनं म्हणालो, ते मुलीचे मावसाजी, त्यांचं आमचं रक्ताचं नातं नाही. साडभाऊंनी ते ऐकलं आणि घर हलेल अशा आवाजात म्हणाले, “आजार नाही बाई! तालीम करून राह्यलो!” बाई दचकून सोफ्यावर बसल्या. लग्न मात्र जमलं, आणि आता त्या विहीणबाई फोनवर आधी साडभाऊंचीच खुशाली विचारतात.

फेब्रुवारीत एक संकट उभं राहिलं. ऑक्टोपॅडला हलका ठोका कळतच नव्हता. काडी जोरात बसली तरच ते यंत्र बोलायचं. दबका ठोका त्याच्या लेखी नव्हताच. साडभाऊंनी त्याची बटणं फिरवून फिरवून त्याला असं हळवं करून ठेवलं की त्यावर माशी बसली तरी वाजावं. हा शोध घेऊन ते मानोऱ्याजवळच्या एका गावात विहाराच्या कार्यक्रमाला गेले. त्या दिवशी रिसोडकडची मुलगी गाणार होती, मी ऐकायला गेलो होतो. स्टेज फळ्यांचं. गाण्यांच्या आधी सत्कार होते. सरपंचांनी पायरीवर पाय ठेवला आणि स्पीकरमधून आवाज आला, धड! दुसऱ्या पावलाला धडाड! ऑक्टोपॅडजवळ कुणीच नव्हतं. साडभाऊ खाली चहा पीत होते. माजी सरपंच वजनानं दुप्पट, त्यांना झांजही मिळाली. प्रमुख पाहुणे एक पाय उचलून तसेच उभे राहिले, टेकवावा की टेकवू नये या विचारात. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. चौथ्या पाहुण्यांना मात्र हे आवडलं असावं, कारण हार घालून घ्यायला ते स्टेजच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत चालून गेले. पेटीवाल्यांनी धावत जाऊन वायर उपटली. येताना जीपमध्ये पेटीवाले एवढंच म्हणाले, “भाऊ, वहिनीसाठी तुमी जे करून राह्यले ते मले समजते. पन पार्टीचं हसं झालं.” साडभाऊ मांडीवर ती उपटलेली वायर गुंडाळत राहिले. मला त्यांचा फार कळवळा आला.

आता ते हे सोडून देतील असं मला वाटलं. पण त्यांनी बँडवाल्याकडून एक जुना साईड ड्रम आणला, खऱ्या कातड्याचा, आणि दुकानात वाजवणं बंद करून तो स्वयंपाकघराच्या दाराशी मांडला. ताई आत स्वयंपाक करायची, हे दारात बसून वाजवायचे. ताईचा यावर विश्वास नव्हता. “तुमच्यानं होनार नाही. तुमचा हात मले ठाऊक हाये,” ती कणीक मळता मळता म्हणायची. कधी म्हणायची, “आता भांडं पडलं का तुमी वाजवलं?” साडभाऊ काडी आणखी हलकी करायचे. मार्चमधल्या एका रविवारी मी ओट्याशेजारी चहा घेत होतो. पोळी लाटताना ताई काहीतरी गुणगुणायला लागली. अगदी बारीक, स्वतःपुरतं. मी साडभाऊंकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. श्वाससुद्धा घेत असतील की नाही, शंका होती. काड्या कातड्यावर नुसत्या बसत होत्या. ताईनं एक कडवं पुरं केलं, दुसरं घेतलं, पोळी तव्यावर करपली. तेव्हा ती भानावर आली आणि म्हणाली, “बोलता येत नाही काय तुमाले, पोळी जळली म्हणून?” पण त्या रात्रीच वही ब्लँकेटांखालून बाहेर निघाली, असं मला बायकोकडून कळलं.

केनवडला मांडव भरलेला होता. पेटीवाल्यांनी आदल्या दिवशीपर्यंत रिसोडकडच्या मुलीलाही तयार राहायला सांगितलं होतं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. ताई माईकसमोर उभी राहिली तेव्हा तिचा पदर धरलेला हात मला तिसऱ्या रांगेतूनही घट्ट दिसत होता. तिनं सुरुवात केली. आवाज बारीकच, पण सगळा ऐकू येत होता, शब्द न् शब्द. लोक आपोआप पुढे सरकून बसले; मागे बोलणाऱ्यांना पुढच्यांनी गप्प केलं. मी कान देऊन ड्रम ऐकायचा प्रयत्न करत होतो. ओळीच्या शेवटी एकेक खणखणीत ठोका यायचा, तेवढा कळायचा. मधलं काही कळत नव्हतं. पण ताईचा आवाज कुठे खचत नव्हता, दम घ्यायला थांबली तरी गाणं खाली बसत नव्हतं.

आणि मग तिसऱ्या कडव्यात आमच्या साडभाऊंना ‘काहून’नं गाठलं. आपण हे वाजवतोय ते बायकोला कळतं तरी का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. पाच महिन्यांची मेहनत, भरलेला मांडव, आणि या गृहस्थांनी मध्येच दोन्ही काड्या वर उचलून धरल्या. मांडवात कुणालाही फरक कळला नाही. मलाही नाही. ताईचा मात्र शब्द अर्धा राहिला. ती सरळ मागे वळली आणि साडभाऊंकडे अशी बघायला लागली की मीच खुर्चीत खाली सरकलो. माईक चालू होता. सगळ्या केनवडनं ऐकलं, “अवो, कुठं गेले?”

साडभाऊंनी काड्या खाली आणल्या. ताईनं तोच शब्द पुन्हा उचलला आणि गाणं पुरं केलं. मी माझ्या आयुष्यात सभेत रडलेलो नाही. त्या दिवशी चष्मा पुसायचं निमित्त करावं लागलं.

कार्यक्रम आटोपल्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. ताईला आशीर्वाद दिला आणि साडभाऊंकडे वळून काळजीनं म्हणाले, “आज तुमाले धड वाजवू देलं नाही वाटते. काही भांडन झालं काय पार्टीत?” साडभाऊंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. ते आता त्या म्हाताऱ्यांना दर महिन्याला फोन करतात.

गेल्या महिन्यात मी कारंज्याला गेलो होतो. ताई अजून गाते, पण कार्यक्रमाला दोनच गाणी, आणि बसून. आवाज थोडा आणखी उतरला आहे. डॉक्टर म्हणतात, हे असंच चालायचं. साडभाऊ दारातच ड्रम घेऊन बसले होते, पहिल्यापेक्षाही हलक्या काड्या आणल्या होत्या, बांबूच्या. ताई ओट्याशी होती, म्हणून मी हळू आवाजात विचारलं, आवाज याच्याही खाली गेला तर काय करायचं.

त्यांनी काड्या ड्रमवर ठेवल्या. मग माझ्याइतक्याच हळू आवाजात बोलले. त्यांना असं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

“मंग आपन बी खाली जाऊ,” ते म्हणाले. “तिले एकटीले कायले जाऊ द्यायचं?”