सूर्य शिजवणार

नीलकंठराव फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि त्यांच्या डोक्यात फिरतं घर शिरलं. जुनी मिनीबस घेऊन त्यांनी तिच्यात पलंग बसवला, छपरावर सोलर पॅनल, सीटखाली बॅटरी आणि खिडकीशी इंडक्शन शेगडी. "आता गॅसची कटकट नाही. सूर्य शिजवणार," असं ते त्यांच्या राइट टाउन मोहल्ल्यातल्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. सूर्य शिजवणार म्हणजे कोण शिजवणार, हे त्यांच्या बायकोला, बेबीताईंना, पक्कं ठाऊक होतं. सासूसासरे, दीर, मुलं, सगळ्यांचं करता करता त्या मेटाकुटीला आल्या होत्या. एकदा तरी आयतं ताट हातात पडावं, एवढीच इच्छा उरली होती. ती बोलून दाखवायचाही आता कंटाळा येई.

पहिली सहल कुंडमच्या जंगलात. निघायच्या गडबडीत भिजलेली मुगाची डाळ टाकवेना, म्हणून बेबीताईंनी ती वाटून डब्यात बरोबर घेतली. सकाळी नीलकंठराव फिरायला गेले, तशा त्या मागच्या शिडीनं वर चढल्या. एवढी स्वच्छ, तापलेली काच रिकामी ठेवणं त्यांच्या हातून होणारच नव्हतं. प्लास्टिक पसरून त्यांनी पॅनलभर मुगवड्या वाळत घातल्या.

दुपारी खिचडीसाठी शेगडी लावली, तर ती पीं करून बंद. रात्रभर पंख्यानं बॅटरी खाल्लेली. नीलकंठरावांनी तारा तपासल्या, फ्यूज पाहिला, मग छपरावर चढले.

"बेबी, पॅनलवर वड्या काहून घातल्या?"

"ऊन वाया जाऊन राहिलं होतं."

त्यांना हसू आलं. वड्या खाली उतरवत ते म्हणाले, "चलो, थोडं चार्ज होऊ दे. मग टाक खिचडी."

"मी नाही टाकत." बेबीताईंचा आवाज चढला नव्हता, खोल गेला होता. "मी थकली हो. घरून निघाली तर चूल संग आली. रिटायर तुम्ही झाले, मी कधी होऊ?"

उन्हं कलायला लागली तेव्हा नीलकंठरावांनी स्वतःच डाळतांदूळ धुतले. पाणी किती घालायचं हे विचारायला दोनदा वळले, आणि न विचारताच परत फिरले. खिचडी अर्धी शिजली आणि बॅटरीनं मान टाकली.

"कच्ची राहिली," त्यांनी खजील होऊन ताट पुढे केलं.

डाळ दाताखाली कचकच लागत होती, मीठ तर नव्हतंच. लग्न झाल्यापासून कुणी रांधून बेबीताईंसमोर ठेवलेलं हे पहिलं ताट. त्यांनी ते पुसून संपवलं, आणि न धुता तसंच खाली ठेवून दिलं.