घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

देश बाहेरच्या मालाला खुला होऊन वीसेक वर्षं उलटली होती, पण चौसाळ्यात आमच्या घरापर्यंत ती बातमी पोचली माझ्या हातात पहिला टच स्क्रीनचा मोबाईल आला तेव्हा. त्याआधी मी किराणा दुकान चालवायचो. मोबाईल आल्यावर दुकान आपलं आपण चालू लागलं. मी स्क्रीनवर बोट फिरवत बसायचो आणि गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं साखर मोजून घ्यायचं, तीही सढळ हातानं.

बायकोला त्या वर्षी लग्नसराईच्या आत पिको-फॉलची मशीन घ्यायची होती. "ब्लाउजात आता काय राहिलं न्हाई," ती म्हणायची. "बाया पिकोसाठी साड्या बीडला पाठवतेत. मी हितं कशाला बसलेय मग?" बरेच पैसे तिनं स्वतः जमवले होते. उरलेले जुनी पायाची मशीन विकून यायचे होते. लग्नाच्या तिथी सुरू व्हायच्या आत नवी मशीन आली तर वर्षाची कमाई, नाहीतर पुढच्या वर्षापर्यंत हात हलवत बसायचं. सगळं तिनंच ठरवलं होतं. फक्त जुनी मशीन विकायचं काम माझ्यावर सोपवलं. माणूस कुठंतरी चुकतोच.

ती भाच्याच्या बारशाला घाटनांदूरला गेली आणि मी मशीन इंटरनेटवर चढवली. फोटो काढताना खंडेनवमीचा वाळलेला झेंडूचा हार मी मुद्दाम तसाच ठेवला, मशीन मानाची दिसावी म्हणून. फोटो आला तो असा, की बघणाऱ्यानं 'फार वाईट झालं' म्हणावं. खाली किंमत टाकली, साडेतीन हजार. इतके येणार नाहीत हे मलाही माहीत होतं. पण आमच्याकडे सांगायची किंमत वेगळी आणि घ्यायची वेगळी. मधलं अंतर चहा पीत पीत कापायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच फोन. माणूस हिंदीत बोलत होता, हैदराबादहून. "भाईसाब, मशीन पसंद है. साढ़े तीन हजार फायनल. किसी और को मत देना."

मी मोहरलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी पहिली किंमत मान्य केली होती. साधा धण्याचा पुडासुद्धा मी सांगितलेल्या भावानं कुणी नेला नव्हता. तो म्हणाला, इसार आत्ता खात्यात टाकतो. तुमच्या एटीएम कार्डावरचा नंबर सांगा, मग मोबाईलवर एक नंबर येईल तोही सांगा. कार्ड बायकोच्या कपाटात आणि किल्ली तिच्या कमरेला, म्हणजे घाटनांदूरला. "संध्याकाळी सांगतो," मी म्हणालो. तो म्हणाला, "कोई बात नहीं, भाईसाब." असा समजूतदार माणूस!

आमच्याकडे बैल असो की प्लॉट, इसार हातावर पडला की सौदा पक्का. मग दुसरा कितीही देऊ दे, विकणारा शब्द फिरवत नाही. मी तर इसार पडायच्या आधीच पक्का झालो होतो.

दहाच्या सुमारास पाटोद्याच्या एक बाई आल्या. शिवणक्लास चालवायच्या, जाहिरात त्यांनीही बघितली होती. आल्या त्या थेट मशीनवर बसल्या, पाय मारला, कान लावून आवाज ऐकला, चाक उलटं फिरवलं, चिंधीवर टीप मारून बघितली. "पट्टा गेलाय. खालची टीप सैल पडतीय. बावीसशे देते."

"बाई, मशीन गेली," मी विभूती लावलेलं कपाळ वर करून म्हणालो. "हैदराबादची पार्टी हाय. साडेतीन हजार."

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "हैदराबादला मशिनी मिळत न्हाईत का?" एवढंच विचारून त्या निघाल्या. चहा केला नव्हता, हे मला त्या गेल्यावर आठवलं.

संध्याकाळी बायको आली. मी उंबऱ्यातच बातमी सांगितली आणि कपाटाची किल्ली मागितली.

"मशीन बघितली का त्यानं?"

"फोटो बघितला."

"घासाघीस किती केली?"

"कायबी न्हाई. गुमान साडेतीन हजार म्हणला."

तिनं पिशवी खाली ठेवली. "आवं, पाव किलो मेथी घेताना माणूस जुडी उलटी करून बघतो. ह्यो न बघता, न घासता पैसे देतोय? लावा फोन."

मी फोन लावला. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि बारशाचा थकवा आवाजात अजिबात न आणता म्हणाली, "भाऊ, आमच्या मालकांनी किंमत जास्त सांगितली बघा. तुमी दोन हजारच द्या. फकस्त हितं या, मशीन बघा, इसार हातात द्या."

पलीकडचा म्हणाला, नाही बहनजी, मी साडेतीनच देणार. तुम्ही कार्डाचा नंबर सांगा.

"बरं, पंधराशे द्या."

तो म्हणाला, साडेतीन.

"हजार?"

पलीकडून एक सणसणीत शिवी आली आणि फोन कटला. बायकोनं मोबाईल माझ्या हातावर ठेवला. "घ्या. कमी पैसे म्हणलं तर चिडणारं गिऱ्हाईक बघितलंत का कधी? दुसरं कोण आलतं का?"

मी पाटोद्याच्या बाईंचं सांगितलं. हैदराबादची पार्टी म्हणालो तेही सांगितलं, कारण शेजारणीनं ते ऐकलं होतं. चहाचं मात्र गाळलं.

"उद्या पाटोद्याला जायचं," ती म्हणाली.

मांजरसुंब्याला एसटी बदलून मी पाटोद्याला गेलो. बाई क्लासात पोरींना बाही कापायला शिकवत होत्या. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि दोन बाह्या होईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. पोरी मात्र बघत होत्या.

"पार्टी कुठं गेली?"

"त्यांचं जरा... बदललं."

"अठराशे देईन."

"बाई, काल बावीसशे म्हणलात की!"

"काल मी तुमच्या दारात आलते. आज तुमी माझ्या दारात आलात." मग त्यांनी चहा मागवला. तो फार चांगला होता, म्हणून जास्तच लागला. बाईंनी माझ्या हातावर शंभराची नोट ठेवली. इसार पडला आणि मी घासाघीस न करता परत आलो.

नवी मशीन वेळेत आली. पण साडीला फॉल हातानं टाचायला बायको एक बाई ठेवणार होती, ते पैसे पाटोद्याला राहिले. तेव्हा ती लग्नसराई मी दुकानात बसून फॉल टाचत काढली. गिऱ्हाईक आलं की साडी गल्ल्याखाली सरकवायची, डाळ द्यायची, साडी पुन्हा मांडीवर. बोटाला सुई टोचली की देवाचं नाव निघायचं, पण भक्तीनं नव्हे.

एका दुपारी गल्लीतल्या एका नवरीची आई दुकानामागं आमच्या घरात साडी उलगडून बोलताना ऐकू आली. "पिको झ्याक झालाय. पण ह्यो फॉल कुणी लावलाय? टाके बघ की केवढाले!"

"नवीन बाई ठेवलीय," आमची म्हणाली. "वय झालंय तिचं, पण शिकतीय."