धुतलेल्या हाताची प्लेट

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिला सगळे 'थांबाताई' म्हणतात. वॉर्डातून फोन येतो, "झाला का रिपोर्ट?" आणि ही म्हणते, "थांबा." जंतू वाढायला एक रात्र लागते, डॉक्टर घाईत आहेत म्हणून तो लवकर वाढत नाही, असं तिचं म्हणणं. शाळेत माझी विद्यार्थिनी होती तेव्हाही गणित सुटलं तरी वही लगेच देत नसे. उत्तरापासून उलटी मागे येई, मगच वही टेबलावर ठेवी. तोवर घंटा झालेली असायची.

तिची थोरली बहीण तीन वर्षं आधी माझ्याच हाताखालून गेली. ती सगळ्यात आधी वही देऊन फळा पुसायला उभी. आता ती त्याच इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डाची प्रमुख आहे. साऱ्या इस्पितळाची ती सिस्टर, हिची मात्र ताई. तिच्या वॉर्डात धुळीचा कण सापडायचा नाही, आणि कुणी तसं म्हटलेलं तिला खपायचंही नाही.

थांबाताईची एक खोड आहे. रुग्णाचा नमुना प्लेटवर, म्हणजे चपट्या बशीतल्या जेलीसारख्या थरावर लावतात आणि उबेत ठेवतात. दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके उगवतात. वाचून झालेल्या प्लेटा बाकीचे लगेच नष्ट करायला पाठवतात. ही मात्र त्या बंद डब्यात, खिडकीजवळ, आणखी तीन दिवस ठेवते. "अंडी उबवतेस का गं?" असं सहकारी विचारतात. ती हसते आणि डब्यावर तारीख घालते.

त्या सोमवारी सकाळी तिनं डबा उघडला. शुक्रवारची एक प्लेट होती, ताईच्या वॉर्डातल्या एका बाळाच्या नाळेजवळच्या स्रावाची. तीनचार प्रकारचे फिकट ठिपके आले होते, बाळ बरं होतं, म्हणून 'मिश्र वाढ' असं लिहून विषय संपला होता. आता त्यांतले काही ठिपके विटेसारखे लाल झाले होते. उबेत हा जंतू बऱ्याचदा फिकट राहतो. बाहेरच्या गारव्यात रंग धरतो. त्याला ओल आवडते. नळ, बेसिन, पातळ औषधं, कुठंही तो मुक्काम ठोकतो.

ती प्लेट हातात असतानाच, रक्ताच्या नमुन्यात जंतू वाढले की वाजणारं यंत्र वाजलं. त्याच वॉर्डातलं दुसरं बाळ, सव्वा किलोची मुलगी, शेजारच्याच काचेच्या पेटीतली. रक्ताचा थेंब रंगवून तिनं सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गुलाबी, आखूड काड्यांसारखे जंतू. लाल ठिपक्यांचा जंतूही असाच दिसतो. नाव उद्याच कळणार होतं, पण औषध बदलायला एवढं पुरेसं होतं. तिनं वॉर्डातल्या डॉक्टरांना कळवलं, आपल्या विभागप्रमुख बाईंना प्लेट दाखवली आणि नमुने घ्यायच्या काड्यांचा ट्रे उचलून वर गेली.

ताई दारातच उभी होती.

"तुझ्याच प्लेटला काही लागलं असेल. माझा वॉर्ड दिवसातून तीनदा पुसतात."

"असेल. बघून जाते."

"बघ की. पलंगाखालीही वाक."

तिनं नळांच्या तोंडातून, बेसिनच्या जाळीवरून, पेट्यांच्या मुठींवरून नमुने घेतले. ताई हाताची घडी घालून मागोमाग फिरत होती. शेवटी म्हणाली, "माझ्या हाताचाही घे. थांब, धुऊन येते." बाटलीतला साबण घेऊन तिनं कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यासुद्धा, आणि तळवे पुढे केले. थांबाताईनं काडी फिरवली. मग तिचं लक्ष बाटलीकडं गेलं. साबण पाण्यासारखा वाहत होता.

"ताई, हा इतका पातळ कसा?"

"तळाशी आला की थोडं पाणी घालून हलवायचं आणि वर नवा ओतायचा. आई नाही का करत? टाकून कशाला द्यायचा?"

आईच्या मोरीवर तशीच बाटली होती. कधीच रिकामी न होणारी. दोघीही त्याच साबणानं हात धुऊन मोठ्या झाल्या होत्या.

"या बाटल्या आत्ता काढायला हव्यात."

"रिपोर्ट आला?"

"उद्या येईल."

"मग उद्या काढू. जन्मभर सगळ्यांना थांबा सांगतेस, आता तूच थांब."

पेटीतली मुलगी श्वास घेताना मधेच अडखळत होती. यंत्र पिवळा दिवा लावे, नर्स तिच्या तळपायाला टिचकी मारी, आणि छाती पुन्हा हलू लागे. थांबाताईनं ते दोनदा पाहिलं. मग तिन्ही बेसिनांवरच्या बाटल्या उचलून ट्रेमध्ये ठेवल्या.

"वरिष्ठांकडं तक्रार करीन हं," ताई म्हणाली. आवाज खाली होता, म्हणजे राग खरा होता.

"कर. तोवर कोऱ्या सीलबंद बाटल्याच वापर. रागाव, पण तेवढं कर."

दुसऱ्या दिवशी नळांच्या प्लेटा स्वच्छ निघाल्या. तीनपैकी दोन बाटल्यांतला साबण मात्र ठिपक्यांनी भरून गेला होता. सगळ्यांत दाट वाढ होती ती ताईच्या हाताच्या प्लेटवर. मुलीच्या रक्तातला जंतू तोच. त्याच औषधांना दबणारा, त्याच औषधांना न जुमानणारा.

हे फोनवर सांगायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. वर जाऊन कागद ताईच्या हातात दिला. ताईनं तो दोनदा वाचला, मग स्वतःच्या तळव्यांकडं पाहिलं.

"त्या दोन्ही बाळांना मीच हाताळलं," ती म्हणाली.

"सगळ्यांनीच हाताळलं. साबण सगळ्यांचाच होता."

"सवय माझी होती."

खरं होतं ते. थांबाताई तिथंच स्टुलावर बसून राहिली. चौथ्या दिवशी मुलगी नळीतून आलेलं दूध पचवू लागली, तेव्हा ताईनं खाली फोन केला आणि एवढंच म्हणाली, "दूध पचलं."

महिनाभर वॉर्डात त्या जंतूचा नवा रुग्ण आढळला नाही. मधल्या एका दुपारी ताई चार नव्या नर्सेसना घेऊन प्रयोगशाळेत आली. प्लेट बाहेर नेता येत नाही, म्हणून तिनं त्यांना काचेपलीकडं उभं केलं. थांबाताईनं त्या दिवसाची प्लेट नेमाबाहेर जपून ठेवली होती. आता ती गर्द लाल झाली होती. तिनं ती उजेडात धरली.

"नीट बघा," ताई पोरींना म्हणाली. "हा माझा हात. नुकताच धुतलेला."