सुई येत आहे हो!

आमच्या गावातला पहिला बी.ए. मीच, आणि भर दिवसा अख्खं गाव जंगलात पळवून लावणाराही मीच.

तालुक्याचं महिला मंडळ जुनं. बाळंतिणीला तूप-गूळ, पोरींना शाळा, परगावी शिकणाऱ्यांना गोधड्या, सगळं त्या बाया बघत. (कॉलेजात मी पांघरली तीही त्यांचीच!) मंडळाचं एकुलतं एक शिलाई मशीन बैलबंडीतून गावोगाव फिरे. बाया जमल्या तर महिनाभर मुक्काम. नाहीतर बंडी पुढच्या गावाला! ते आपल्याकडे यावं म्हणून माझी आई वर्षभर अध्यक्षबाईंच्या मागे लागली होती.

"तू येवढा शिकला, दवंडी तूच सांग कोतवालाले," आई म्हणाली.

मी सांगितली. साधी, सोपी! "उद्या मंडळाच्या बाया सुई घेऊन येत आहेत होऽऽ! घरटी एक बाई आलीच पाहिजे!"

आमच्याकडे इंजेक्शनलाही सुईच म्हणतात, हे बी.ए.ला नव्हतं. त्यात नुकतेच लस टोचणारे येऊन गेलेले. दंड अजून ठणकत होते!

सकाळी बंडी आली. चावडीपुढे एक कोंबडी हजर.

"गाव कुठं गेलं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मोहफुलं वेचायला," मी ठोकून दिलं.

"पौषात? मोह तर चैत्रात फुलतो!"

बंडीवाला बैल वळवू लागला. आईचा चेहरा उतरला. पण दुसऱ्याच क्षणी ती पदर खोचून जंगलाकडे धावली. मागे मी, मागे बंडी.

"काऊन लपल्या वं? या ना बाहेर!"

झुडपातून शेजारच्या शांताकाकू ओरडल्या, "आमी नाई येत! आंधी तूच टोचून घे!"

"अवं, कपड्याची सुई हाय ते!"

"बापा! आता कपड्यावरूनच टोचतेत का वं?"

झुडपात एकच किंकाळी!

आई माझ्याकडे वळली. "सदरा काढ!"

मी काढला. तिनं टर्रकन बाही उसवली. अध्यक्षबाईंनी बंडीतच मशीन मांडून ती शिवायला घेतली. खडखड ऐकून एक डोकं वर आलं, मग दुसरं... शेवटी शांताकाकूच बंडीत चढल्या. "सरका बाई, मले चालवू द्या!"

मशीन गावात राहिलं! आईनं सोडलेला सुस्कारा बहुधा पार तालुक्याला, चामोर्शीपर्यंत ऐकू गेला असेल.

त्या दिवशी साऱ्या बायांनी माझ्याच सदऱ्यावर हात साफ केला. संध्याकाळी घालायला गेलो, तर गळाच शिवून टाकलेला! तक्रार केली नाही. बी.ए.चं ते डोकं त्या दिवशी झाकलेलंच बरं होतं!