मागे कोण बसतं?

मागे कोण बसतं, असं दुकानदाराने मला सरळ विचारलं होतं, आणि मी ‘कोणी नाही’ असं उत्तर दिलं होतं. पुढे जे झालं ते सगळं त्या उत्तरातून निघालं, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

दुकान अकोल्यातलं. गाडीला बाहेरचे, कंपनीचे नसलेले पार्ट बसवून देणारं. माझी सेडान साधी, घरगुती, तीही दुसऱ्याच्या हातून घेतलेली. तिला जास्त हवा ओढणारा उघडा फिल्टर, मोठ्या तोंडाचा सायलेन्सर, मोठी अलॉय चाकं, पातळ टायर आणि गाडी जमिनीलगत आणणारे आखूड स्प्रिंग बसवायचं माझ्या मनाने घेतलं होतं. बाकी सगळ्याला दुकानदार हो म्हणाला. स्प्रिंगपाशी मात्र थांबला.

“सर, हे लावले का गाडी वळणावर चिकटून चालते. पण मागं दणके बसतात. मागं कोनी दुखन्याचं, म्हातारं माणूस बसत असन तर आताच सांगा, मी हे टाकत नाई.”

“कोणी नाही बसत,” मी म्हणालो. “मी एकटाच असतो.”

खरं तर ती गाडी मी घेतलीच होती मागच्या सीटसाठी.

मागच्या सीटवर माझी मोठी बहीण बसायची. बसायची म्हणजे आडवी व्हायची. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. मी वाशिमला खोली करून शिकत होतो तेव्हा बाई लग्न होऊन जवळच्या रिठद गावी गेलेली होती. माझा डबा ती रोज सकाळच्या एसटीने पाठवायची. पहाटे भाकरी थापायची, डबा फडक्यात बांधायची आणि फाट्यापर्यंत चालत येऊन ड्रायव्हरच्या हातात द्यायची. त्या काळच्या एसटीत ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनाचं मोठं झाकण असायचं. डबा त्यावर ठेवला जायचा, त्यामुळे वाशिमच्या स्टँडवर मी तो घ्यायचो तेव्हा भाकर आणि बेसन गरम असायचं. इंजिनाचा याहून चांगला उपयोग मी आजवर पाहिलेला नाही. मी बारावी झालो, पुढे वाशिमच्याच कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो, ते त्या डब्यावर. कधी डबा चुकला असं मला आठवत नाही. बाईला ताप आला असेल, पाऊस असेल, घरी काही बोलणं झालं असेल, पण डबा यायचा.

शेतातली ओझी आणि विहिरीचं पाणी उचलून बाईच्या मणक्याने पुढे हात टेकले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन टाळता येईल, पण दर आठवड्याला फिजिओथेरपी करायची आणि बस, ऑटो, मोटरसायकल बंद. कारमध्ये मागे आडवं पाडून आणा, धक्के बसू देऊ नका. म्हणून मी गाडी घेतली. शनिवारी सकाळी रिठदला जायचं, बाईला आणायचं, व्यायाम झाला की आमच्याकडे जेवण, संध्याकाळी परत. मागची सीट रुंद होती, बाई आरामात पडून यायची आणि सोयाबीन कसं आलं, गावात कोणाचं कोणाशी जमलं, हे छताकडे बघत सांगायची. त्या शनिवारांत तिचं वाकलेलं अंग सरळ होत गेलं. मी फार समाधानी होतो.

मग मला हौस सुटली. कॉलेजातल्या सोबतच्या एकाने नवी मोठी गाडी घेतली आणि पातूरच्या घाटात तो माझ्या शेजारून असा गेला की माझ्या गाडीला दमा झाल्यासारखं वाटलं. मोबाइलवर मी बघू लागलो. साध्या गाडीला हे लावा, ते लावा, ताकद वाढते. मला ते पटायचं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत मी मुलांना सांगतो की एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि आधी काय होतं, नंतर काय झालं, ते मोजा. स्वतःच्या गाडीचं मी सगळं एकदम बदललं आणि काहीच मोजलं नाही. आवाज मोठा झाला आणि बूड रस्त्याजवळ आलं, की माणसाला आपण वेगात आहोत असं वाटतं. तेवढ्यावर मी खूश होतो. उघडा फिल्टर बॉनेटमधली तापलेली हवा ओढत होता आणि मळणीच्या दिवसांत तर नुसता भुसा खात होता. चाकं जड झाल्याने गाडी जागची हलायला जास्त वेळ घेऊ लागली. माझी बायको शेजारी बसून ऐकायची आणि शेवटी एकदा म्हणाली, “गाडी पळून राह्यली, का नुसती वरडून राह्यली?”

मी म्हणालो, “तुला नाही समजत त्यातलं.”

पार्ट बसवल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी बाईने सोबत गोधडी आणली आणि सीटवर अंथरली.

“हे कायले आणलं?” मी विचारलं. सीटला नवीन कव्हर घातलं होतं, त्यावर ती जुनी गोधडी मला बरी दिसली नाही.

“लुगड्याले वावरातली माती लागेल राह्यते,” बाई म्हणाली. “तुह्यी सीट खराब होईन.”

मी ते खरं मानलं. तिने सीट सांभाळली, याचं मला कौतुकही वाटलं. पुढच्या वेळी मात्र मी गोधडी घडी करून डिक्कीत टाकली आणि म्हणालो, राहू दे, खराब झाली तर होऊ दे. मनाचा मोठेपणा दाखवला.

दुसरी गोष्ट ब्रेकरची. गावाच्या तोंडाशी लोकांनी स्वतःच मुरूम टाकून ब्रेकर केलेला आहे. गाडी खाली आल्यामुळे तिचं पोट त्यावर घासायचं. बाई आधीच सांगायची, “थांबव जराशी. मी उतरतो. पाय मोकळे करतो.” मग ती उतरून ब्रेकर पायी ओलांडायची, मी गाडी तिरपी करून पार न्यायचो आणि ती पुन्हा बसायची. शेजारी चहाची टपरी. तिथले लोक ही गंमत बघायला टपलेलेच असत.

“सर, गाडी बाईले घेऊन चालली, का बाई गाडीले?”

“धक्का मारू का, सर? लाजू नका.”

मी हसायचो, बाईही हसायची. पाय मोकळे करायची तिची सवय चांगली, असं मला वाटायचं.

काही दिवसांनी बाईने फोनवर सांगितलं, “आता मले लय बरं हाये. आन् एसटीत बायकाईले अर्धं तिकीट लागते, तं तू कायले गाडी काढतं? मी माह्यी येत जाईन.” डॉक्टरांनी बस बंद केली होती हे मला आठवत होतं. तरी मी बरं म्हणालो. ती व्यायाम करून तशीच परत जात असेल असं मी धरून चाललो, आणि शनिवार मोकळा झाला, याचं मला थोडं सुखच वाटलं. हेही लिहायलाच हवं.

त्यानंतर मी कॉलेजच्या पायऱ्यांवरून घसरलो आणि माझ्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर आलं. बाईचा फोन आला की ती मला बघायला एसटीने निघते आहे. बायकोने फोन माझ्या हातातून घेतला आणि तिला सांगितलं, तुम्ही बसा, आम्हीच येतो. बायकोला गाडी चालवता येते. पाय लांब ठेवायचा असल्याने मला मागे आडवं व्हावं लागलं. “बसा मालक मागं,” ती म्हणाली. “आज तुमी पाहुणे.”

मी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर त्या दिवशी पहिल्यांदा बसलो.

वाशिमच्या बाहेर पडेपर्यंतच मला कळलं. पुढे बसणाऱ्याला जो खड्डा नुसता ऐकू येतो, तो मागे पाठीच्या कण्यात शिरत होता. रस्त्यावरचं प्रत्येक ठिगळ मोजून घेत होतो. सायलेन्सर तर कानाखालीच होता, छाती हलत होती. थोडं पुढे गेल्यावर मी बायकोला थांबवलं आणि डिक्कीतली गोधडी काढायला सांगितली. तिने ती माझ्या अंगाखाली सारली. गोधडी मातीसाठी नव्हती, हे आम्हा दोघांनाही एकदमच समजलं होतं.

ब्रेकर आला. मला उतरता येत नव्हतं. गाडी घासून पार झाली तेव्हा मी ओठ चावला.

बाई घराच्या दारात उभी होती. भिंतीला हात लावून उभी होती आणि भिंत धरूनच पुढे आली. पुन्हा वाकली होती, गाडी घेण्याआधी होती तशी. बायको मला उतरवत असताना तिने माझ्या पायाबद्दल विचारलं नाही. म्हणाली, “रस्त्यानं लय लागलं काय रे? गोधडी टाकली न खाली?”

“बाई, तू सांगितलं काहून नाई?”

“काय सांगाव? तुले केवढी हौस ते गाडीची. बैलावरून हात फिरवावा तसा हात फिरवत होता तिच्यावर.”

“मंग एसटीनं जात होती का वाशिमले?”

“एसटीत कुठी जागा भेटते? उभंच राहा लागते.”

“म्हणजे इलाज सोडला?”

“सोडला नाई,” बाई म्हणाली. “राह्यला.”

तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, “गाडी नीट करून घेतो.” जणू चूक गाडीची होती.

घरी आल्यावर मी अकोल्याच्या दुकानदाराला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, “मले वाटलंच होतं, सर. सेडान घेणारा माणूस एकटा बसत नसते.” पार्ट बसवले त्या दिवशी जुने पार्ट त्याने आग्रहाने पोत्यात भरून दिले होते, आज ना उद्या लागतील म्हणून. ते गच्चीवर पडलेले होते. वाशिमच्याच मिस्त्रीकडून मी मूळचे स्प्रिंग, चाकं, सायलेन्सर, फिल्टरची बंद पेटी, सगळं परत लावलं. शॉकअप मात्र नवीन घेतले, टायरही चांगले घेतले, चाकांची सरळ रेषा तपासून घेतली आणि हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवायला लागलो. साध्या गाडीला बाहेरून काही लावून ताकद आणता येते का, असं कोणी मला आज विचारलं, तर मी आधी त्याला विचारतो की मागे कोण बसतं. ताकद थोडी येतही असेल. पण माझी गाडी सगळ्यात चांगली चालली ती मूळची झाल्यावर.

प्लास्टर निघालं आणि शनिवार पुन्हा सुरू झाले. बाईचा व्यायाम सुरू झाला. वेळ लागला, पण कंबर पुन्हा मोकळी होऊ लागली. आता ती भिंत न धरता चालते, बसून भाकरी थापते आणि मला वाशिमला परत निघताना डबाही देते, या वयात. याबद्दल मी कोणाकोणाचे उपकार मानू? बायकोचे मानतो, दुकानदाराचे मानतो, प्लास्टरचेसुद्धा मानतो. पण पार्ट बदलले तरी बोलायचं ते राहूनच गेलं होतं, आणि ते राहिलंय हे मला दर शनिवारी आठवायचं.

असंच एकदा बाईला घेऊन रिठदहून निघालो. गाडी ब्रेकरजवळ आली आणि मागून आवाज आला, “थांबव जराशी, उतरतो.” बाईचा हात दाराच्या कडीवर होता. गाडी कधीच नीट झाली होती, तरी तिचा हात आपोआप कडीकडे गेला होता. ती सवय मी लावलेली होती.

मी थांबलो नाही. गाडी हळू ब्रेकरवर चढवली, हळू उतरवली. काही घासलं नाही. टपरीवरून कोणी काही बोललं नाही. पुढे कडुनिंबाखाली मी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि सीटवरून वळून मागे पाहिलं. बाई आडवी होती, हात अजून कडीवर.

“काय झालं रे?” ती म्हणाली.

“बाई, त्या दुकानवाल्यानं मले इचारलं होतं, मागं कोण बसते म्हणून. तो ते स्प्रिंग टाकत नव्हता. मी त्याले म्हटलं, मागं कोनीच बसत नाई. तुह्या डब्यावर मी मोठा झालो आन् तुलेच मी कोनी नाई म्हटलं. माह्यं चुकलं, बाई. मले माफ कर.”