मुकी पट्टी

बाईंच्या पुढच्या खोलीत सोफा नव्हता, कारण सोफ्याची जागा पियानोने गिळली होती. "आल्यागेल्याने बसायचं कुठे?" असं नणंद विचारायची, आणि "वाजवायचं असेल त्याने स्टुलावर, नसेल त्याने घरी," असं बाई सांगायच्या. हे एक भांडण सोडलं तर दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

बाई जाझ वाजवायच्या. तरुणपणी त्या नाचाच्या वर्गात साथीला बसत. तेच ते ठेके वाजवून कंटाळा आला की चालीला हळूच वाकड्या वाटेने नेत, आणि नाचणाऱ्या मुलींचे पाय एकमेकांत अडकत. तिथून जी हकालपट्टी झाली ती थेट स्टेशनजवळच्या हॉटेलात. तिथे ड्रमवाल्याशी जोडी जमली. ठरलेली चाल एकदा सरळ वाजवायची आणि मग मनाला येईल तशी फुलवायची, यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुढे हॉटेलवाल्यांनी वाजवणाऱ्यांना नारळ दिला, टेप लावली आणि बाईंनी घरी शिकवण्या धरल्या.

घरच्या पियानोची मधली एक पांढरी पट्टी बंद पडली होती. दाबली की नुसतं खट्. सगळे तिला मुकी म्हणत. पियानो दुरुस्त करणारा म्हणाला, "आतली हातोडी मोडलीय. टोकाची काढून इथे बसवतो, तिकडे कोण वाजवतंय?"

"राहू दे," बाई म्हणाल्या.

तोवर त्यांना त्या पट्टीचा मोह पडला होता. मुकी आली की बोट उचलायचं आणि तो सूर शिकणाऱ्याने तोंडाने गायचा, असा बाईंचा शिरस्ता. "तोंडात नाही तो सूर बोटात कुठून येणार?" त्या दरडावत. सगळे मुकाट गात. अपवाद एकच, दातांचा डॉक्टर. दिवसभर जगाला आ करायला लावणारा हा गृहस्थ मुकीपाशी आला की ओठ शिवून बसायचा. बाई हात धुऊन मागे लागल्या, चिडल्या, थट्टा करून झाली. डॉक्टर ढिम्म.

एक दिवस ड्रमवाला दारात उभा. "हॉटेलात नवा मॅनेजर आलाय. येत्या शनिवारी आपल्याला ऐकणार. आवडलं तर दर शनिवारी."

"माझं वय पाहिलंस का?"

"पाहिलं. माझ्यापेक्षा कमीच आहे."

बाई हसल्या, पण त्यांना आतून भरून आलं. शिकवण्यात जीव रमत होता, खोटं कशाला बोला. पण समोर माणसं बसलीत आणि आपण वाजवतोय, याची भूक काही मेली नव्हती. ही संधी हुकली तर पुन्हा कोणी बोलावणार नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी नणंद आणि सगळे विद्यार्थी मागच्या टेबलांवर दाटीवाटीने बसले. हॉटेलचा पियानो नवाकोरा होता. बाईंचा हात असा सुटला की ड्रमवाला घाम पुसत हसायला लागला. शेवटी एक संथ चाल उरली. तिचा सगळ्यात लांब सूर नेमका मुकीचा. तिथे येताच बाईंचं बोट वर उचललं गेलं आणि तसंच अधांतरी राहिलं.

मॅनेजरच्या कपाळावर आठी. आपण घरच्या पियानोवर बसलेलो नाही हे बाईंच्या ध्यानात आलं. हातातोंडाशी आलेला घास आपल्याच हट्टाने घालवला, असं वाटून त्यांचे डोळे भरले.

तेवढ्यात मागून सूर आला. जाडाभरडा, जरा कापरा, पण अगदी जागच्या जागी. बाईंनी मान वळवली. डॉक्टर उभा होता, कान लालबुंद, तोंड मात्र हे एवढं उघडं.

बाईंनी चाल पुन्हा धरली. पुन्हा मुकी आली आणि या वेळी त्यांनी बोट मुद्दाम उचललं. मागची सगळी टेबलं गायली. नणंदही गायली, आणि तिला तर सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं.

टाळ्या ओसरल्यावर मॅनेजर जवळ आला. "बाई, ते मधे थांबणं ठरवून होतं का?"

"पहिल्यांदा चुकलं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा ठरवून."

मॅनेजर हसला. "मग पुढच्या शनिवारी या. आणि त्या लाल कानवाल्यांना नक्की आणा."

बाईंनी मागे पाहिलं. डॉक्टर अजून गातच होता.